बावीस फॉर्म, बावीस वेळा ‘नेहमी’

पत्र : मी मानव विकास विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेझर्टेशनचा विषय ‘पालकांचा संवाद आणि 3 ते 4 वर्षांच्या मुलांचा भाषाविकास’. तासगाव तालुक्यातल्या 5 अंगणवाड्यांमधून 100 मातांकडून 40 प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची, असं ठरलंय. पायलटचे, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीचे, 22 फॉर्म झाले. ‘मी मुलाला गोष्ट सांगते’ याला 22 पैकी 22 जणींनी ‘नेहमी’वर खूण केली. एका घरी तर आईऐवजी सासूबाईच उत्तरं देत होत्या. मुलांच्या चाचणीसाठी सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या मंजूर आराखड्यात) डासी ही बालविकासाची चाचणी लिहिली आहे. गाईड म्हणतात, नमुना 100 चा हवाच. हातात 4 महिने आहेत. प्रश्न वाढवू, की घरी जाऊन निरीक्षण करू? करायचं तर कसं? शिवाय एका घरी माझ्यासमोर मुलाला फटका बसला. मी काय करायला हवं होतं?
– एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर :

पायलट वाया गेला असं समजू नका. तुमची मोजपट्टी कुठे मोडते ते त्याने वेळेत दाखवलं. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच येतं, त्या प्रश्नातून काहीच मोजलं जात नाही. मुलं कितीही वेगवेगळी असोत, आयांचे गुण सारखेच असतील तर संबंध काढायचा कशाशी? 22 ऐवजी 100 फॉर्म भरलेत तर 100 वेळा ‘नेहमी’ मिळेल, एवढंच. म्हणून प्रश्न वाढवू नका. घरं कमी करा आणि त्याच घरात पुन्हा पुन्हा जा. खालचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

त्या बायका खोटं बोलल्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. कॉलेजातून आलेली, हातात पॅड घेतलेली मुलगी विचारते, ‘तुम्ही मुलाला गोष्ट सांगता का?’ प्रश्नातच चांगल्या आईची व्याख्या बसलेली आहे. त्यात ‘नेहमी’ म्हणजे काय? रोज? आठवड्यातून तीनदा? आठवेल तेव्हा? ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतला फरक आपण संख्याशास्त्राच्या तासाला शिकतो, ओट्यापाशी उभी असलेली बाई तसं मोजत नाही.

प्रश्न विचारायचाच असेल तर सवयीचा विचारू नका, कालचा विचारा. ‘काल दिवेलागणीपासून बाळ झोपेपर्यंत घरात काय काय झालं, ते सांगा.’ मग मागोमाग : तेव्हा बाळ कुठे होतं, जवळ कोण होतं, काय बोलणं झालं, टीव्ही चालू होता का. असं क्रमाने विचारलं की गोष्ट सांगितली असेल तर ती आपोआप येते, नसेल तर आईला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. एका संध्याकाळीला 15 ते 20 मिनिटं लागतात. शेवटी ‘कालचा दिवस नेहमीसारखा होता का?’ हे विचारायचंच. काल लग्न असेल, पाहुणे असतील किंवा बाळाला ताप असेल, तर तशी नोंद करा आणि दुसऱ्या दिवसाची मुलाखत घ्या. एकाच दिवसावरून त्या घराबद्दल बोलता येत नाही. निदान तीन वेगवेगळे दिवस हवेत.

आता 100 च्या आकड्याबद्दल. गाईडचा आग्रह अगदीच बिनबुडाचा नाही. दोन गोष्टींमधला संबंध 0.3 इतका असेल (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) आणि तो सापडण्याची शक्यता 80 टक्के हवी असेल, तर 85 घरं लागतात. 30 घरांत 0.5 च्या आसपासचा ठळक संबंधच हाती लागतो. पण हे गणित दोन अटींवर उभं आहे : मोजणी नेटकी हवी आणि घरं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. तुमची 100 मुलं 5 अंगणवाड्यांतली, म्हणजे एकेका अंगणवाडीतली 20. एकाच वस्तीतली, एकाच सेविकेकडे जाणारी मुलं एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा 0.05 इतका थोडा धरला तरी 1 + (20 − 1) × 0.05 = 1.95. 100 ला 1.95 ने भागा : 51 स्वतंत्र घरांइतकीच ताकद उरते. तेही मोजमाप बरोबर असेल तर, आणि ते नाही हे पायलटने दाखवलंच आहे.

लहान नमुना म्हणजे हलकं काम, असंही नाही. आई आणि बाळ यांच्या नात्यावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या अभ्यासात 26 कुटुंबं होती. सगळ्यांना आठवते ती त्यांची प्रयोगशाळेतली 20-एक मिनिटांची चाचणी, आई खोलीबाहेर जाते आणि परत येते ती. पण तिच्यामागे बाळाच्या पहिल्या वर्षभरात दर तीन आठवड्यांनी, एका वेळी सुमारे 4 तास केलेल्या घरभेटी होत्या. 1950 च्या दशकात व्हाइटिंग या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने उभ्या केलेल्या, सहा संस्कृतींतल्या बालसंगोपनाच्या अभ्यासात भारतातलं गाव होतं उत्तर प्रदेशातलं खालापूर (रायगडचं नव्हे). तिथेही पाच-पाच मिनिटांची निरीक्षणं पुन्हा पुन्हा घेतली होती. गाईडना हे सांगा, पण सोबत नवा आराखडा घेऊन जा. नुसती तक्रार घेऊन गेलात तर 100 वरच परत याल.

आराखडा असा : 24 घरं, प्रत्येक घरी 4 भेटी, म्हणजे 96 भेटी. दिवसाला दोन धरल्या तर 48 दिवस. चार महिन्यांत ते बसतं आणि आजारपण, जत्रा, पाऊस यांना जागाही उरते. तासिकांच्या दिवशी जमणार नाही, ते सोडूनच मोजलंय.

घरं निवडायची ती अंगणवाडीत बसलेल्या मुलांतून नव्हे. जी रोज येतात त्यांच्याच घरी गेलात, तर मूल अंगणवाडीत पोचवायला ज्यांच्याकडे माणूस आहे अशीच घरं निवडली जातील. सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीतून 36 ते 47 पूर्ण महिन्यांची सगळी मुलं उतरवून घ्या, क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाका. पाचही अंगणवाड्यांतून सारखीच घरं काढायचा हट्ट नको, जिथे मुलं जास्त तिथली जास्त. जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्डावरूनच घ्या. कार्ड हरवलं असेल तर सणाला धरून विचारा : बेंदराच्या आधी की नंतर? ऊसतोडीला आलेल्यांच्या कोप्यांमधली मुलं त्या नोंदवहीत बहुधा नसतील. त्यांना घ्यायचं नसेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा, आणि निष्कर्ष ‘तासगाव तालुक्यातली मुलं’ असा काढू नका.

भेटीच्या वेळा ठरवताना द्राक्षबागा डोळ्यांसमोर ठेवा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढे बागेत बायकांना मजुरीचं काम बरंच असतं. दिवसभर मुलापाशी कोण असतं, हे त्यावर ठरतं. फक्त दुपारी गेलात तर तुमचा प्रबंध आजीवर होईल आणि नाव मात्र आईचं लागेल. म्हणून मोजणीच्या तीन भेटी तीन वेळांना : एक दुपारी, एक दिवेलागणीनंतर, एक वडील घरी असतील त्या दिवशी. पहिली भेट मोजायचीच नाही. नव्या माणसासमोर आई जास्त बोलते, मूल कमी बोलतं किंवा तुमच्याशीच खेळतं. त्या दिवशी कागद काढा, सगळं करा, पण ते आकडे हिशोबात धरू नका.

निरीक्षणाची रीत सोपी आहे, पण शिस्त लागते. मोबाईलवर दर 10 सेकंदांनी टिक वाजेल असा आवाज रेकॉर्ड करून घ्या आणि एका कानात इअरफोन ठेवा. 10 सेकंद बघायचं, 10 सेकंद लिहायचं. मिनिटाला 3 खाने, 10 मिनिटांचा एक तक्ता म्हणजे 30 खाने. असे 4 तक्ते, मध्ये पाच-पाच मिनिटं विश्रांती. एका भेटीत 40 मिनिटांचे 120 खाने होतात आणि भेट तासाभरात उरकते. सलग 40 मिनिटं करू नका. विसाव्या मिनिटानंतर डोळा बघतो आणि हात मागचंच लिहितो.

खुणा पाचच ठेवा. हुकूम किंवा मनाई. साधं उत्तर. वाढवलेलं उत्तर, म्हणजे मुलाच्या बोलण्याला धरून त्यात भर घातलेली. स्वतःहून काढलेलं बोलणं. आणि मुलाशी नसलेलं, पण त्याच्या कानावर पडणारं बोलणं. प्रत्येक खुणेपुढे कोण बोललं त्याचं अक्षर. बाजूला दोन चौकटी : मूल बोललं का, टीव्ही किंवा मोबाईल चालू आहे का. बारा-पंधरा खुणांची यादी कागदावर भारदस्त दिसते, पण 10 सेकंदांत निवडता येत नाही.

एक तुकडा जवळून बघू. आई मेथी निवडते आहे, मूल डब्यांची झाकणं लावून बघतंय. ‘आई, हे बघ.’ आई मान न वळवता ‘हं’ म्हणते. खूण : साधं उत्तर, आई. पुढच्या खान्यात पलंगावरून आजी म्हणते, ‘अगं बाई, बसलं का गं झाकण? ते चहाच्या डब्याचंय, साखरेचं मोठं असतं.’ खूण : वाढवलेलं, आजी. त्याच दहा सेकंदांत आई दारातल्या शेजारणीशी गॅसच्या गाडीबद्दल बोलते. खूण : कानावरचं, आई. तुमच्या प्रश्नावलीत या वीस-तीस सेकंदांना जागा कुठे होती? ‘आईचा संवाद’ शून्य नाही, पण मुलाच्या शब्दांत भर घातली ती आजीने.

उत्तरं देणाऱ्या सासूबाईंना म्हणूनच अडथळा समजू नका. हार्ट आणि रिस्ली या संशोधकांनी अमेरिकेत कॅन्ससला 42 कुटुंबांत दर महिन्याला एक तास, सुमारे अडीच वर्षं रेकॉर्डिंग केलं आणि 1995 मध्ये निष्कर्ष छापले. गरीब घरातल्या मुलांच्या कानावर 3 कोटी शब्द कमी पडतात, हे वाक्य तिथूनच जगभर गेलं. त्या 42 मध्ये सरकारी मदतीवरची कुटुंबं 6 होती. शिवाय मोजणीचा रोख मुलाची मुख्य काळजी घेणाऱ्या पालकावर होता. पुढे स्पेरी, स्पेरी आणि मिलर यांनी पाच वस्त्यांमध्ये घरातल्या इतरांचं आणि मुलाच्या आसपासचं बोलणंही धरलं, तेव्हा फरकाचं चित्र बरंच बदललं. दोन आजोबा-आज्या, काकू, चुलतभावंडं असलेल्या घरात फक्त आईचे शब्द मोजणं म्हणजे एकच खिडकी उघडून घर अंधारं आहे म्हणण्यासारखं आहे. तुमच्या विषयात ‘पालकांचा’ ऐवजी ‘घरातल्यांचा’ असा बदल मंजूर करून घेता आला तर जरूर घ्या.

दुसरा निरीक्षक मात्र हवाच, त्याच्याशिवाय मौखिकीत पहिल्या पाच मिनिटांत अडकाल. मोजणीच्या 72 भेटींपैकी 15 भेटींना वर्गातली एक मैत्रीण सोबत न्या. दोघींनी एकमेकींच्या कागदाकडे न बघता लिहायचं. नंतर जुळणी काढताना नुसते टक्के देऊ नका. समजा एका भेटीच्या 120 खान्यांत ‘मोठं माणूस मुलाशी बोललं’ हे दोघींनी 24 ठिकाणी लिहिलं, दोघींनी ‘नाही’ 78 ठिकाणी, फक्त तुम्ही 10 ठिकाणी आणि फक्त तिने 8 ठिकाणी. जुळले 102, म्हणजे 85 टक्के. वाटतं, छान! पण तुमचे ‘हो’ 34 आणि तिचे 32. दोघींनी डोळे मिटून त्याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी सुमारे 60 टक्के खाने जुळलेच असते. कोहेनचा कॅपा हा योगायोग वजा करतो : (0.85 − 0.60) भागिले (1 − 0.60), म्हणजे 0.62. चालण्यासारखं, पण उत्तम नाही. घरभेटी सुरू करण्याआधी ओळखीच्या तीन-चार घरांत सराव करून निदान 0.7 गाठा. आणि तिथेच थांबू नका. महिन्याभराने माणसाच्या नकळत व्याख्या सरकतात, आधी ‘साधं’ लिहिलेलं उत्तर ‘वाढवलेलं’ वाटायला लागतं. म्हणून त्या 15 भेटी सुरुवातीलाच संपवू नका, शेवटपर्यंत पसरा.

या पद्धतीचा एक दोष ठाऊक असू द्या. 10 सेकंदांत एक सेकंद बोललं तरी खाना भरतो. त्यामुळे निष्कर्षात ‘आई इतकी मिनिटं बोलली’ असं कधीच लिहू नका, ‘इतके टक्के खान्यांत बोलणं आढळलं’ असं लिहा.

आता डासी. प्रमिला फाटक यांच्या बडोद्याच्या कामातून आलेली ती चाचणी चांगली आहे, पण जन्मापासून 30 महिन्यांपर्यंतची आहे. तुमची मुलं 36 महिन्यांच्या पुढची. सिनॉप्सिसमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नाही याचं वाईट वाटतं, पण दुरुस्ती आत्ताच करा. त्या जागी मालिन यांचं नागपूरचं सामाजिक परिपक्वता मापन घ्या असं कुणी सुचवेल. वयात ते बसतं, पण ते भाषेचं मापन नाही आणि माहिती आईच देते. आईचं वागणंही आईनेच सांगायचं आणि मुलाची प्रगतीही तिनेच सांगायची, असं झालं की दोन्हींत तीच माणूस असल्यामुळे संबंध फुगतो.

तुम्हाला हवं ते मुलाच्या तोंडूनच मिळेल. चौथ्या भेटीत, मोजणी संपल्यावर, घरातलीच भातुकली, डबे, झाकणं घेऊन 20 मिनिटं मुलाशी खेळा आणि आवाज रेकॉर्ड करा. ‘हे काय? याचा रंग कोणता?’ असे प्रश्न विचारू नका, एका शब्दाची उत्तरं मिळतील. आपण आपलं खेळत बोलत राहायचं आणि थांबायचं. सलग 50 उद्गार उतरवून काढा आणि सरासरी किती शब्दांचा उद्गार होतो ते मोजा. इंग्रजीत शब्दांचे घटक मोजतात. मराठीत ‘आईला’, ‘खालीसुद्धा’ यांचे तुकडे कसे पाडायचे यावर वाद होईल, म्हणून शब्दच मोजा आणि तो नियम लिहून ठेवा. ‘हो’, ‘नाही’ आणि पाठ असलेलं बडबडगीत 50 मध्ये धरायचं नाही. हे 50 पानावर उतरवायला दोन ते तीन तास लागतात. हा वेळ सगळेच विसरतात आणि शेवटच्या पंधरवड्यात रडकुंडीला येतात. भेट झाली त्याच आठवड्यात उतरवा.

आकडेमोडीत एक चूक फार होते. 24 घरं, प्रत्येकी 360 खाने, एकूण 8,640 खाने. ते 8,640 नमुने नव्हेत, नमुना 24 च आहे. आधी प्रत्येक घराची टक्केवारी काढा, मग पुढचं. 24 घरांत भाषेशी संबंधाचा आकडा डळमळीत येणार, तो आलेखावर ठिपके मांडून दाखवा आणि प्राथमिक म्हणा. तुमची खरी ताकद घराच्या आतल्या तुलनेत आहे : तेच घर आजी समोर असताना आणि नसताना, टीव्ही चालू आणि बंद. तिथे प्रत्येक घर स्वतःशीच ताडलं जातं, त्यामुळे 24 जोड्यांमध्येही मध्यम आकाराचा फरक सापडू शकतो. आणि ‘आईच्या बोलण्यामुळे भाषा वाढली’ असं लिहू नका. जे मूल मुळात बोलकं आहे, त्याच्याशी सगळेच जास्त बोलतात. एकाच वेळेच्या मोजणीत हे दोन वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं त्याच मुलांकडे जावं लागतं, जसं पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी जवळच्या सहा गावांत 1993 पासून केलं.

फटक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून इजा झालेली नव्हती. अशा वेळी खूण करा, चेहरा शांत ठेवा, आईला उपदेश करू नका. उपदेश केलात तर पुढच्या तीन भेटींत ती तुमच्यासाठी वागेल. पण मूल जखमी होतंय असं दिसलं तर निरीक्षण तिथेच संपतं, तुम्ही आधी थांबवायचं आणि त्याच दिवशी गाईडना कळवायचं. मुलांसाठीचा मदत क्रमांक 1098 जवळ ठेवा. म्हणूनच संमतीपत्रात ‘तुमची माहिती कोणालाही सांगणार नाही’ असं वाक्य नको. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. असं लिहा : ‘तुमचं नाव कुठेही छापणार नाही. मात्र मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षेला धोका दिसला, तर योग्य ठिकाणी कळवावं लागेल.’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

संमती आईची स्वतंत्र घ्या, घरच्या मोठ्यांना विषय समजावून सांगितल्यानंतर, पण त्यांच्या देखत सही नको. सासऱ्यांनी ‘हो’ म्हटलं म्हणून तिचं ‘हो’ झालं, असं होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 7 वर्षांवरच्या मुलाची स्वतःची होकारसंमतीही लागते. तुमची मुलं लहान आहेत, पण मूल पदराआड लपलं, रडलं, रेकॉर्डर ढकलला, तर तो नकारच समजा आणि दुसऱ्या दिवशी या. कॉलेजच्या नैतिकता समितीकडे बदललेला आराखडा पुन्हा जावा लागेल. त्यात तीन आठवडे जाऊ शकतात, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात करा आणि मंजुरी येईपर्यंत टिकटिक लावून सराव करा.

पायलटचे 22 फॉर्म नव्या आकड्यांत मिसळू नका, परिशिष्टात ठेवा. ‘नेहमी’वरच्या 22 खुणांचा एक तक्ता करा आणि पद्धतीच्या प्रकरणात अगदी पहिल्या पानावर लावा. प्रश्नावली का सोडली, हे परीक्षक विचारणारच.